‘ओसीटीवालं ऑपरेशन’ : खुलासा

‘ऑपरेशनमध्ये ओसीटी लावलं की मशीनच डोळा कापतं, त्याच्या किरणांनी पडदा जळतो’ असा मेसेज फिरतोय. ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) म्हणजे प्रकाशाच्या मदतीने डोळ्याच्या आतल्या थरांचं चित्र दाखवणारं तंत्र. मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. घाबरून कुणी ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकलू नये, म्हणून हे लिहितोय.

१९९१ साली जगापुढे आलेलं ओसीटी म्हणजे एक्स-रे नव्हे. त्यात मंद अवरक्त प्रकाश असतो आणि त्याच्या परावर्तनातून पडद्याच्या किंवा कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) थरांचा उभा छेद चित्रात दिसतो, तोही काही मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक. ते कापत काहीच नाही. हात सर्जनचाच.

मग उपयोग काय? कॉर्नियाचा सगळ्यात आतला थर बदलण्याच्या ‘डीमेक’ शस्त्रक्रियेत दात्याचा जेमतेम १० ते १५ मायक्रॉन जाडीचा पापुद्रा डोळ्यात सोडतात. तो सुरळीसारखा गुंडाळला जातो. उलटा बसला तर काम करत नाही. ओसीटीत कडा वर, कॉर्नियाकडे वळलेल्या दिसल्या की बाजू बरोबर. कॉर्निया धुरकट असेल तेव्हा नुसत्या मायक्रोस्कोपमधून हे ओळखणं फार अवघड.

मर्यादाही आहे: धातूच्या चिमट्याची सावली पडते आणि नेमका खालचा भाग झाकला जातो. शिवाय साध्या मोतीबिंदूला हे सहसा लागतही नाही. तुम्हाला सुचवलं असेल, तर कशासाठी ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.