मत विकलं म्हणे!

आज ऑफिसात जेवताना एक जण सहज बोलून गेला, "2024 च्या विधानसभेला तुमच्या विदर्भाने लाडकी बहिणीच्या पंधराशे रुपयांत मत विकलं यार." डबा बंद केला आणि उठलो. घरी येऊनही डोकं शांत होईना, म्हणून लिहितोय.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण त्याला आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातला. 1972 साली एकाधिकार कापूस खरेदी आली आणि पुढची जवळपास तीस वर्षं आमच्याकडची लग्नं, शाळेच्या फिया, सगळं तिच्या तालावर चाललं. कापूस सरकारलाच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायची बंदी. बाबांची बंडी, म्हणजे बैलगाडी, खरेदी केंद्राबाहेर रांगेत लागली की मी भाकरी घेऊन जायचो. ते बंडीखालीच झोपलेले असायचे. ग्रेडर यायचा, कोपरापर्यंत हात खुपसून मूठभर कापूस ओढायचा, धागा ताणून बघायचा आणि बाबांकडे न बघताच प्रत सांगून पुढच्या बंडीकडे. झालं वर्षाचं! मग चुकाऱ्याची, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या पैशाची, वाट. तोवर सावकाराचं व्याज चालूच. बाबा म्हणायचे, "हातात पडते तोच भाव, बाकी साऱ्या गोठी."

योजना अगदीच वाईट होती असं नाही. भाव पडले तेव्हा तिचाच आधार होता, कबूल.

पण नंतर काय झालं? 2008 ची कर्जमाफी. पाच एकरांपर्यंत सगळं माफ, त्याहून जास्त जमीन असेल तर फक्त पंचवीस टक्के सूट, तीही उरलेलं भरलं तर. कोरडवाहू सात-आठ एकरवाला म्हणे मोठा शेतकरी! बागायती पट्ट्यातला चार एकर उसाचा मालक गरीब आणि आम्ही बडे जमीनदार. हा हिशेब कुणी मांडला असेल, देव जाणे.

आणि 2024 चं म्हणाल, तर उन्हाळ्यात याच विदर्भाने दहापैकी सात खासदार महाविकास आघाडीला दिले. सोयाबीन-कापसाच्या भावाचा राग होता तो. तेव्हा कुणी "विकले गेले" म्हणालं नाही. नोव्हेंबरात विधानसभेला कौल महायुतीकडे उलटला. सोयाबीनचा हमीभाव 4892 आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी, म्हणजे राग तसाच होता. मधे फक्त लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे पंधराशे आले.

त्या पैशाने मतं फिरली, नाही म्हणत नाही. पण माझ्या वहिनीला विचारा. जन्मभर कापूस वेचला, बोंडांनी बोटं फाटली, पण चुकारा कायम सातबाऱ्यावरच्या नावाने निघाला. हा पैसा पहिल्यांदा तिच्या खात्यात आला. बंडी नाही, रांग नाही, हात खुपसणारा ग्रेडर नाही. बाबांचं वाक्य तिने माझ्यापेक्षा नीट ऐकलंय.



पंधराशेने शेती सुधारत नाही, हे तिलाही कळतं. ऑगस्ट 2025 मध्ये, कापूस घरात यायच्या तोंडावर, कापूस आयातीवरचं अकरा टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं. तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळे क्रिकेटवर बोलत होते. त्या दिवशी कोण कुणाला विकलं गेलं?

असो. ऑफिसातला तो पोरगा वाईट नाही, कापूस त्याने मेडिकलच्या दुकानातच पाहिलाय. उद्या त्याला एवढंच विचारणार आहे: तुझा पगार कुणीतरी चेहराही न बघता ठरवला असता आणि तोही तुकड्यातुकड्यांनी दिला असता, तर तू मत कुणाला दिलं असतंस?