शाल, श्रीफळ आणि शटर स्पीड

पुण्यात व्याख्यान ऐकणाऱ्यांची टंचाई नाही, देणाऱ्यांची तर नाहीच नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यानंतर या गावाची ही सवय काही सुटली नाही. मी पोटासाठी अशी व्याख्यानं शूट करतो, एडिट करतो. आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक सेवाभावी संस्था. ‘आमची संस्था सेवाभावी आहे हं,’ हे पहिल्याच फोनवर सांगितलं जातं, म्हणजे माझा दर आपोआप खाली बसतो. मांडववाला, चहावाला आणि फ्लेक्सवाला यांना मात्र हे वाक्य का ऐकवत नाहीत, कुणास ठाऊक.

फ्लेक्सचं तर विचारूच नका. स्टेजवर मागे तो असा लावतात, की वक्त्याचं डोकं बरोबर मोक्याच्या अक्षरांवर येतं. एकदा विषय होता पर्यावरण. वक्ते उंचेपुरे. त्यांनी ‘पर्या’ पूर्ण झाकलं आणि तासभर तळमळून बोलत राहिले, मागे ठळक अक्षरांत ‘वरण’. ‘पोडियम जरा डावीकडे घेऊ या का?’ असं मी आधीच विचारलं होतं. कार्यवाह म्हणाले, ‘नको, मग समई दिसणार नाही.’

उजेडाचं दुखणं निराळं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. माणसाच्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. म्हणून कॅमेऱ्याचं शटर दर फ्रेमला १/५० सेकंद उघडं राहील असं ठेवावं लागतं, नाहीतर वक्त्याच्या चेहऱ्यावरून काळे पट्टे फिरतात. हे सगळं जमवून झालं, की कुणीतरी प्रोजेक्टर दिसत नाही म्हणून स्टेजवरचे दिवेच घालवतं. पडदा लख्ख, वक्ता भूत.

पण खरी परीक्षा आवाजाची. साउंडवाल्याकडे त्याच्या मिक्सरमधून कॅमेऱ्यासाठी आवाजाची थेट लाइन मागितली, की तो दयेनं बघतो. ‘दादा, हॉलमध्ये तर मस्त ऐकू येतंय!’ मग मी माझा कॉलर माइक काढतो. तो लावताना प्रत्येक वक्ता सांगतो, ‘मला माइकची गरजच नाही, माझा आवाज मूळचाच खडा आहे.’ माइक लागतो बरोबर छातीवर. सुरुवातीचा नमस्कार करताना जोडलेले हात त्याच्यावर आदळतात, ते एक वेळ ठीक. एक वक्ते मात्र ‘मी स्वतः’ म्हणताना दर वेळी छातीवर थाप मारायचे. ‘मी स्वतः... धप्प... त्या गावात गेलो. मी स्वतः... धप्प... खड्डे खणले.’ निःस्वार्थ सेवेवरचं भाषण होतं, त्यामुळे ‘मी स्वतः’ भरपूर. हेडफोन लावून बसलेल्या माझ्या कानशिलात त्यातली एकेक थाप बसली. पुढे एडिटला ती काढायला गेलो, तर तिच्याबरोबर ‘स्वतः’ पण जायचं आणि नुसतं ‘मी’ उरायचं.

पंखे बंद करा म्हणायची सोय नाही. एप्रिलच्या उकाड्यात पहिल्या रांगेतले काका कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघतात.

आता स्टेजवरचे अध्यक्ष. यांची खुर्ची वक्त्याच्या शेजारीच, म्हणजे ते प्रत्येक फ्रेममध्ये. सत्कार, प्रास्ताविक, परिचय होईतो ताठ बसतात. वक्ता ‘थोडक्यात सांगतो’ म्हणाला, की मान कलायला लागते. नंतर निरोप येतो, ‘अध्यक्ष चिंतन करताहेत, तेवढं दिसणार नाही असं बघा.’ फोर-के मध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात. कडेचा भाग कापून टाकला तरी उरलेलं चित्र स्वच्छ दिसतं. लोक फोर-के वाघ टिपायला घेतात, मी अध्यक्ष कापायला घेतो. तासाभराचे पंचेचाळीस जीबी होतात, पण संस्थेची अब्रू राहते.

घरी एडिटला बसलो की पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, तिच्यावरून मी आता बरंच काही ओळखतो. उंच बारीक सुळका म्हणजे खोकला. जाडजूड गोळा म्हणजे टाळ्या. लांबलचक सपाट पट्टा, मध्ये एकही खंड नाही, म्हणजे प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि कुणीतरी म्हणालं, ‘माझा प्रश्न नाही, मला फक्त थोडी भर घालायची आहे.’ ही भर कापायची नसते. भर घालणारे संस्थेचे आजीव सभासद असतात.

वरून सबटायटल्स. मशीननं आपोआप काढलेल्या एका पट्टीत ‘सेवाभावी संस्था’ची ‘शेवभाजी संस्था’ झाली होती. आधीच्या वरणाला तोंडी लावणं मिळालं.

सगळं निस्तरून लिंक पाठवली, की दोन दिवसांनी कार्यवाहांचा फोन येतो. परवाचाच सांगतो.

‘अप्रतिम झालंय हो. फक्त एवढा वेळ कोण बघणार? जरा आटोपशीर करता येईल?’

‘येईल की. सत्कार आणि आभार काढले, तर बरंच सुटसुटीत होईल.’

‘छे छे, आभारात देणगीदारांची नावं आहेत! आणि सत्काराला अध्यक्ष जागे आहेत.’

‘मग काय काढू?’

‘भाषण बघा ना जरा,’ ते म्हणाले, ‘मध्येमध्ये ते धप्प धप्प वाजतंय, तिथून काढा.’