मल्टिफ्युएल म्हणजे फुकटात पळणारा ट्रक नव्हे

गेले दोनेक महिने एक व्हिडिओ आणि त्याच्याबरोबरचा मेसेज आमच्या इकडच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय, अमेरिकन आर्मीच्या जुन्या एम३५ए२ ट्रकबद्दल. इकडे त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणतात, म्हणजे अडीच टनी, तिन्ही अ‍ॅक्सलला ड्राइव्ह आणि दहा टायर. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लिलावात स्वस्तात घ्या, टाकीत जळकं ऑइल (इंजिनातून काढलेलं वापरलेलं), खायचं तेल, पेट्रोल काय वाट्टेल ते ओता, कंप्युटर नाही म्हणून बिघडायचा प्रश्न नाही, आर्मीचा माल आहे म्हणजे सेफच असणार, आणि मोठे टायर टाकून पंप वाढवला (म्हणजे इंजिनाला इंधन देणारा पंप जास्त सोडेल असा केला) की हायवेला नव्या ट्रकच्या बरोबरीने पळतो. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, शेजारच्या आजोबांच्या १९७१ च्या एम३५ए२ वर चार वर्षं त्यांच्याबरोबर दर शनिवारी हात काळे करतोय. या ट्रकवर माझा जीव आहे, म्हणूनच हा मेसेज वाचून कोणी उद्या ट्रक घेऊन थेट रस्त्यावर काढेल याची मला खरंच भीती वाटते.

आधी तेलाचं बघू. इंजिन सहा सिलिंडरचं, ७.८ लिटरचं, कॉम्प्रेशन २२ ला १, आणि ते मल्टिफ्युएल, म्हणजे वेगवेगळ्या इंधनांवर चालणारं, आहे हे शंभर टक्के खरं. पण ते कशासाठी केलं? लढाईत डिझेल मिळालं नाही तर जे हाताशी आहे त्यावर गाडी निघाली पाहिजे म्हणून. इंधन पातळ की जाड हे ओळखून त्याचं माप कमीजास्त करणारा एक भाग पंपावरच बसवलेला आहे, मस्त डोकं लावलंय त्यात. तरी रोजचं खाणं डिझेलच, पेट्रोल म्हणजे नडलं तर. कारण पंपाच्या आतल्या बारीक भागांना वंगण मिळतं ते इंधनातूनच, आणि पेट्रोल पडलं कोरडं, ते पंपाचं हेड खातं, आणि ते हेड आता सहज मिळत नाही, मिळालं तर खिसा रिकामा करतं. जळक्या ऑइलमध्ये पाणी असतं, कूलंट असतं, धातूची पूड असते. आजोबांच्या आधीच्या मालकाने बरीच वर्षं तेच जाळलं होतं, आम्ही पहिल्यांदा फिल्टरचा डबा उघडला तेव्हा तळाला डांबरासारखा चिकट गाळ, स्क्रूड्रायव्हर उभा राहील इतका, आणि नोझलच्या टोकांना कार्बनचे खडे. खायच्या तेलाचं तर थंडीत तूप होतं, इथे जानेवारीत ते टाकीतून वर चढणारच नाही. आणि लिटरला चार किलोमीटरच्या आसपास देणाऱ्या गाडीला ‘फुकट’ म्हणायचं म्हणजे कमालच आहे.

कंप्युटर नाही हा मुद्दा मला मान्य आहे. एकदा चालू झालं की इंजिनाला करंट लागत नाही, बंद करायलासुद्धा केबल ओढायची. पण चालू करायला चोवीस व्होल्ट लागतात, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. आणि इथे लोक काय करतात, रेडिओ नाहीतर मोबाइलचा चार्जर लावायला एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढतात, मग ती एक उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, वर्षभरात दोन्ही फेकायच्या. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा, विषय संपला.

आता ‘आर्मीचा माल म्हणजे सेफ’. इथे मला राग येतो. या ट्रकला मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) एक आणि ऑइलचं सर्किटही एकच. हवेचा बूस्टर आहे तो फक्त पायाचा जोर वाढवतो, पुढे सगळं काम ब्रेक ऑइलचंच. म्हणजे सहापैकी कुठल्याही एका चाकाचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा) फुटला, एक होज गेला, की सहाच्या सहा ब्रेक गेले. दोन वर्षांपूर्वी आम्ही शेडमधून उतारावर ट्रक बाहेर काढत होतो, वेग माणूस चालतो तेवढाच, आजोबांनी पेडल दाबलं आणि ते सरळ फळीला टेकलं. हँडब्रेक खेचला म्हणून थांबलो. तो हँडब्रेकही चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागे शाफ्टवर एक ड्रम असतो त्यावर लागतो, आणि नशीब की आदल्याच आठवड्यात मी त्याच्या दांड्याची मूठ फिरवून तो टाइट केला होता. ड्रम काढल्यावर दिसलं की मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर आतून गंजलेला, वॉशर फाटलेला, वरून हबचं ऑइल सील गळून लायनर तेलाने चिंब. रिकामा सहा टनांचा ट्रक आहे हो हा. आता आम्ही दोन सर्किटवाला मास्टर सिलिंडर बसवलाय, माझ्या मते या ट्रकमधलं सगळ्यात पहिलं मॉडिफिकेशन हेच पाहिजे, रंग आणि लाइट नंतर. आणि टॉप-अप करताना आधी ब्रेक ऑइलचा रंग बघा, आर्मीने यात जांभळं सिलिकॉनचं ब्रेक ऑइल वापरलंय, त्यात दुकानातलं साधं ओतायचं नाही.

मोठ्या टायरबद्दल. मागचे जोडटायर काढून एकेक रुंद टायर लावला की दिसतो झकास, चिखलात चालतोही चांगला, पण चाक जेवढं मोठं तेवढा तोच ब्रेक कमी पुरतो, हे त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे आहेत, स्टडवर ‘एल’ कोरलेलं असतं, ते न बघता लांब पाइप लावून जोर केलात तर स्टड तुटलाच म्हणून समजा. आणि मूळ रिमला लॉक रिंग आहे, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी वेगळी लोखंडी कडी. आपल्याकडे हायवेवरच्या पंक्चरवाल्याला विचारा रिंग उडाली की काय होतं, तो हवा भरताना साखळी गुंडाळून लांब का उभा राहतो ते. इथे त्यासाठी लोखंडी पिंजरा मिळतो, त्याच्याशिवाय हवा भरू नका.

पंप वाढवायचा तर आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवा. या इंजिनाची हद्द २६०० आरपीएम, त्याच्यापुढे पळवलं की कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि डिझेल वाढवलं की आधी हेड गॅस्केट रडतं. ट्रक ताशी पंचावन्न मैलांचा आहे, तो पंचावन्नलाच ठेवा. आर्मीलाही हे इंजिन कायमचं ठेवायचं नव्हतं, नव्वदच्या दशकात एम३५ए३ हे पुढचं मॉडेल केलं तेव्हा मल्टिफ्युएल काढून साधं कॅटरपिलरचं डिझेल टाकलं आणि गिअरबॉक्सही ऑटोमॅटिक केला.

कोणाला घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, मी मदतीला येतो. फक्त मालकाला सांगा की इंजिन चालू करून दाखवू नका, ते होतंच चालू, मागचा एक ड्रम उघडून दाखवा. नाही म्हणाला तर सहा चाकांचे सिलिंडर, सील आणि सगळे होज यांचा खर्च किमतीतून वजा करून बोला, आणि घरी न्यायचा तो ट्रेलरवर टाकून.