फोन आहे ना, मग अडलंय कुठे?

फोनवरच गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलंत? अभिनंदन! चाल तुमची, शब्द तुमचे, आवाज तुमचा, आणि हप्ते फिटले की फोनसुद्धा तुमचाच. कुणी नाक मुरडलंच तर अमेरिकी गायक स्टीव्ह लेसीचं नाव तोंडावर फेका. त्याने आयफोनवरच्या गॅरेजबँड या रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये गाणी केली आणि २०१७ साली ती जगापुढे आणली. गिटार फोनला जोडायला तो वेगळं यंत्र वापरायचा, हा तपशील गाळा. तो गिटार उत्तम वाजवतो, हा तर गाळाच.

आता खोली. भिंती उघड्या, फरशी गुळगुळीत, पडद्यांचा पत्ता नाही, अशी निवडा. तिथे आवाज कसा छान घुमतो! एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरलेला तो घुमारा पुढे कुणाच्या बापाला नीट काढता येत नाही, म्हणजे टिकाऊपणाचीही हमी. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभं राहून गाणारे लोक भित्रे असतात. पंखा चालू असू द्या आणि फोनमधली आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोयही. ती मुळात बोलणं ओळखायला बनवलेली. तुम्ही जीव ओतून लांबवलेला मंद स्वर तिला पंख्याची घरघर वाटतो आणि ती तो इमानदारीने पुसून टाकते.

माइक कुठे आहे हे शोधत बसू नका. बहुतेक फोनांत तो खालच्या कडेला असतो, म्हणजे नेमका तुमच्या तळहाताखाली. तो ओठांना टेकवा, ‘फ’ आणि ‘भ’ वर वादळ उठू द्या. टिपेला जाताना पडद्यावरची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल झाली, तर तो तुमच्या भावनेचा रंग समजा. फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही, पण दर्द म्हणून खपतो.

हेडफोन मात्र ब्लूटूथचेच हवेत. वायर दिसली की कलाकार गरीब वाटतो. ब्लूटूथमध्ये ठेका कानात पोचायला सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे ७० मीटर जातो; म्हणजे तुमचा वादक मैदानाच्या पलीकडे बसलाय आणि तुम्ही त्याच्या साथीने गाताय. लय सुटली की दोष ठेक्याला द्या. हेडफोनच नको असतील तर ठेका स्पीकरवर मोठ्याने लावा. मग तो तुमच्या आवाजाच्या प्रत्येक ट्रॅकमध्ये कायमचा मुक्कामाला येईल. नंतर ठेका बदलायची इच्छा होईल, पण इच्छा काय, होतच असतात.

सुराची काळजी तर मुळीच नको. त्यासाठी चुकलेला सूर जागेवर आणणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर आहे. तेलाच्या शोधासाठी भूलहरींचं विश्लेषण करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँडने ते १९९७ मध्ये आणलं. जमिनीच्या पोटातलं तेल हुडकणाऱ्या माणसाचं गणित तुमच्या पोटातला सूर हुडकणार नाही? अशी यंत्रं जवळचा स्वर पकडतात. तुम्ही दोन स्वरांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त घसरलात, तर ती तुम्हाला शेजारच्या चुकीच्या स्वरावर ठामपणे, अगदी आत्मविश्वासाने नेऊन बसवतात. आणि त्यांची सेटिंग्ज टोकाला नेऊन ठेवलीत की एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणाऱ्या मींडेच्या पायऱ्या होतात. त्याला आधुनिक म्हणायचं.

गाणं झालं की पूर्ण दर्जाच्या मूळ वेव्ह फाइली आधी उडवा. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी खातो. तेवढ्यात शुभेच्छांची किती चित्रं मावतील! उरलेली एकमेव प्रत व्हॉइस मेसेज करून मित्रांना पाठवा. ‘मस्त!’ असं उत्तर गाणं संपायच्या आत आलं, तर मित्राला कान तयार आहे असं समजा.

काय म्हणता, दुसरा अंतरा अजून लिहायचाय? होईल सावकाश. आधी मुखपृष्ठाचा फोटो उरका: डोळे मिटलेले, मान कललेली, हातात तो ऐतिहासिक फोन. फक्त फोटो काढायला दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागून आणा.