दातातली चांदी काढून टाका म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका डेंटिस्टचं उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा येऊन गेलेला फॉरवर्ड: दाढेत चांदी भरली असेल तर आजच काढा, त्यात निम्मा पारा आहे, युरोपने विष म्हणून बंदी घातली, आपले डॉक्टर स्वस्त पडतं म्हणून भरतात आणि कॉलेजात अजून तेच शिकवतात. परवा एक काकू क्लिनिकला आल्या, म्हणाल्या सहाच्या सहा काढून दे. मग म्हटलं लिहूनच टाकू एकदाचं.

निम्मा पारा, हे बरोबर. वजनाने साधारण ५० टक्के, बाकी चांदी, कथील, तांबं. पण हा पारा बाकी धातूंशी जखडलेला असतो, थर्मामीटरमधल्यासारखा मोकळा नाही. चावताना किंचित वाफ सुटते, ती नडते का बघायला अमेरिकेत आणि लिस्बनमध्ये मिळून हजारावर मुलांवर ट्रायल झाल्या, काहींना चांदी, काहींना कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग), मग वर्षानुवर्षं तपासण्या. २००६ ला निकाल आले, बुद्धी, स्मरणशक्ती, किडनी, कशातच काळजी करावी असा फरक नाही.

उलट चांगली बसलेली चांदी ड्रिलने उडवताना एकदम जास्त वाफ निघते, शिवाय दात कापला जातो तो वेगळा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये गरोदर बायका, सहा वर्षांखालची मुलं, किडनीचे पेशंट वगैरेंना नवीन चांदी शक्यतो टाळा म्हटलं, पण असलेली धडधाकट चांदी काढू नका हेही त्यातच आहे. फॉरवर्डवाल्याने ते वाचलं नसावं.

युरोपातली बंदी खरी, १ जानेवारी २०२५ पासून. कारण मुख्यतः पर्यावरण. क्लिनिकच्या ड्रेनेजमधून आणि दहनाच्या धुरातून पारा बाहेर जातो. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणायला झालेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या देशांनीही २०३४ पर्यंत चांदी थांबवायचं ठरवलंय. म्हणजे ती जाणार आहे, पण तुमच्या दाढेत विष आहे म्हणून नाही.

स्वस्त म्हणून भरतात? अहो, कॉम्पोझिटचे पैसे आम्ही जास्त लावतो, हाव असती तर चांदी कोणी हातात धरली असती? शेवटची दाढ, हिरडीखाली गेलेली कीड, थुंकी थांबत नाही, तिथे चांदी निभावून नेते. दाढांमध्ये कॉम्पोझिट फेल व्हायचं प्रमाण चांदीच्या जवळपास दुप्पट, असं कॉक्रेन या संस्थेच्या रिव्ह्यूत, म्हणजे अनेक ट्रायल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, आलंय. त्यातल्या ट्रायल जुन्या आहेत, आता मटेरियल सुधारलंय, हे मान्य.

कॉलेजचा मुद्दा मात्र अर्धा मला पटतो. चांदी दाताला चिकटत नाही, म्हणून आत रुंद, तोंडाशी अरुंद, तळ सपाट असा खड्डा करावा लागतो आणि त्यात चांगला दातही जातो. कॉम्पोझिट चिकटतं, त्याला कीड काढली की पुरे. आता सेकंड इयरला ज्याचा हात चांदीच्या खड्ड्यावर बसलाय तो बाहेर पडून त्याच खड्ड्यात कॉम्पोझिट भरतो, म्हणजे दातही गेला आणि चांदीचा टिकाऊपणाही नाही. माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली, खोटं कशाला बोलू. दुसरं म्हणजे चांदी ठासून भरली की शेजारच्या दाताला आपोआप टेकते, कॉम्पोझिट टेकत नाही, सेक्शनल मॅट्रिक्स (दातालगत लावायची छोटी वळलेली पट्टी) आणि वेज (दोन दातांमधली पाचर) नीट लावता आलं नाही तर फट राहते आणि पेशंट महिनाभरात "डॉक्टर, अन्न अडकतंय" म्हणत परत. कॉम्पोझिट चिकटवायला ॲसिड आणि बॉन्ड (चिकटवणारा द्रव), दोन-दोन मिलिमीटरचे थर, ते कडक करायला लाइट, आणि सगळं कोरडं ठेवायला रबर डॅम (दाताभोवती ताणायचा रबरी पडदा), हे शिकवायला तास वाढवायलाच हवेत. पण चांदी सिलॅबसमधून पुसून टाकू नका, कोट्यवधी तोंडांत ती आहे, ती ओळखणं, रिपेअर करणं, नीट काढणं उद्याच्या पोरांना यायला नको का?

काकूंच्या सहापैकी पाच ठणठणीत निघाल्या. एकीच्या कडेला कीड होती, ती रबर डॅम लावून काढली. जाताना जरा नाराजच होत्या, फॉरवर्ड पाठवणाऱ्या भाच्याला फोन लावते म्हणाल्या.