पाच किलो बुक्का

माझा भाचा बंगळुरूत नोकरीला असतो आणि रविवारी घरच्या घरी बीअर बनवतो. दिवाळीत त्यानं मला एक बाटली पाजली. रंगानं डांबर, चवीला कॉफी, आणि दुसऱ्या ग्लासानंतर मी त्याच्या नावानं दोन एकर वावराचं बक्षीसपत्र करायला निघालो होतो. तिला इम्पिरियल स्टाउट म्हणतात. अठराव्या शतकात ती लंडनहून रशियाच्या दरबारात जायची. रशियात बर्फ पडतो आणि आमच्या यवतमाळकडं मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, हा बारकावा माझ्या डोक्यात शिरला नाही.

ती घरी करायची म्हणून भाच्यानं कागदावर लिहून दिलं होतं: बारा लिटरला मोड आणून वाळवलेले जव पाच किलो, त्यातले फक्त अर्धा किलो काळे होईस्तोवर भाजायचे. शिवाय त्यानं बीअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप्सचं पाकीट, यीस्ट आणि साखर मोजायची काचेची नळी दिली.

मोड छान आले. नवरात्रात घटाभोवती धान उगवतं, तर ओल्या गोणपाटाखाली जव का उगवणार नाहीत? गच्चीवर वाळवायला आमचं ऊन होतंच. मग मी एका बारशाला गेलो, तेवढ्यात घात झाला. परत आलो तर अंगणभर धूर आणि बायको घामानं निथळत उभी.

"अजी, अर्ध्या किलोनं काय होते? सातूचं पीठ करायचं तं सगळेच भाजा लागते ना!"

पाचही किलो लोखंडी कढईत कोळसा झाले होते.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मोडाच्या धान्यात एंझाइम असतात, 65 ते 68 डिग्रीच्या पाण्यात ते पिठाची साखर करतात, आणि ही साखर खाऊन यीस्ट दारू करतं. काळं भाजलं की एंझाइम मेले. "मामा, ते आता धान्य राहिलं नाही, तो बुक्का आहे. फेकून द्या."

कास्तकाराच्या घरात पाच किलो धान्य फेकायचं? मी तसेच भिजवले, गाळले. नळीवर 1.090 यायला हवं होतं, आलं 1.020. मग अडीच किलो गूळ ढकलला. भाचा ओरडत होता की गुळाची सगळी दारूच होते, अंगाला काही उरत नाही, बीअर पाण्यासारखी पातळ लागेल. पण नळीवर आकडा बरोबर आला, आणि आकडा जुळला की मला पुढचं काही ऐकू येत नाही.

हॉप्स म्हणजे हिरव्या गोळ्या, हुबेहूब ढेपेच्या खुराकासारख्या. पोरानं त्या बकरीपुढं ओतल्या. बकरीनं एकदाच तोंड लावलं आणि दोन दिवस माझ्याकडं पाठ करून बसली. उरलेल्या मातीत गेल्या. कडूला कडू म्हणून मी दोन मुठी काडेकिराईत उकळलं. ज्यांनी लहानपणी तापात ते प्यायलंय, त्यांना पुढचं सांगायला नको.

यीस्टला 18 ते 22 डिग्री लागतात. बादली कूलरपुढं ठेवली आणि आम्ही सगळे गच्चीवर झोपलो. कूलरनं जीव तोडून 28 केले. तिसऱ्या दिवशी बादलीतून आधी थिनरचा वास यायला लागला, मग हातभट्टीचा. वर्धा नदीच्या पलीकडं दारूबंदीचा जिल्हा आहे. वारा तिकडं वाहत होता, याची मला जास्त काळजी.

पंधराव्या दिवशी पोलीस पाटील आले. "भाऊ, वास तं मोहाचा येऊन राह्यला."

लपवण्यात अर्थ नव्हता. मी ग्लास भरून पुढं केला. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, उठून रांजणातलं दोन तांबे पाणी प्यायले.

"परवान्याबिगर दारू काढणं गुन्हा आहे," ते बऱ्याच वेळानं म्हणाले. मग ग्लास उजेडाकडं धरला. "पण हे दारू होय म्हणून पंचनाम्यावर सही कोण करन बापा?"

जाताना उरलेलं काडेकिराईत मात्र मागून नेलं. त्यांच्या नातवाला ताप होता.