बाबांचा कॉम्प्युटर भंगारात जाऊ दिला नाही

घरच्या कॉम्प्युटरला विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम चालते का, हे महिन्यातून दोन-तीनदा तरी मला कोणी ना कोणी विचारतं. मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, त्यामुळे नात्यातले आणि सोसायटीतले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगून झालं, आज एकदाच सविस्तर लिहिते.

सुरुवात बाबांपासून करते. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, वय ७४. पुण्यात कर्वेनगरच्या घरी त्यांचा २०१४ साली जोडून घेतलेला कॉम्प्युटर आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. नोंदणी करणाऱ्यांना सिक्युरिटी अपडेटसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली, पण ती मलमपट्टीच. विंडोज ११ या मशीनवर रीतसर चढत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. बाबा मशीन दुकानात घेऊन गेले. "काका, भंगारात काढा हा, नवीनच घ्या," असं ऐकून परत आले आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. बोर्ड शाबूत, मॉनिटर शाबूत, रोज सकाळी बटण दाबलं की सुरू होणारं मशीन, आणि ते टाकून द्या म्हणे. त्यांना ते पटेना. मलाही पटलं नाही.

शनिवारी तापकीर गल्लीत जाऊन २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या डिस्कऐवजी लावायची वेगवान डिस्क, आणली. लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक तयार अवतार पेन ड्राइव्हवर घेतला होताच. मिंट काय किंवा उबुंटू हा दुसरा अवतार काय, आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, मशीनमधल्या कशालाही धक्का न लावता. मी बाबांना तसंच बसवलं. वायफाय मिळालं का बघा, आवाज येतो का, प्रिंटरवर एक पान निघतं का, तुमच्या जुन्या फायली उघडतात का. तासभर त्यांनी स्वतः सगळं चाचपून पाहिलं आणि मग म्हणाले, "लाव." माझ्या मते ही तासाभराची पायरी कोणीही गाळू नये. माणसाला आधी हात लावून बघू द्यावं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. मशीन आता झटपट सुरू होतं याचं मोठं श्रेय एसएसडीला आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली असती तर विंडोजसुद्धा पळालं असतं. लिनक्सवाले बरेचदा हे श्रेय लिनक्सच्या पदरात टाकतात, ते बरोबर नाही. लिनक्समुळे मिळालं ते वेगळंच: त्या मशीनला पुढची काही वर्षं सुरक्षिततेचे अपडेट मिळत राहतील. मिंट २२ ला ते २०२९ पर्यंत आहेत, आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यायचे नाहीत की मशीन बदलायचं नाही.

बाबांची खरी भीती मराठी टायपिंगची होती. सिंहगड चढून आले की ते त्याची नोंद लिहितात. किती वाजता निघालो, कोण भेटलं, वाटेत दम कुठे लागला. गेली कित्येक वर्षं. ऑफिसात ते इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी, शिकले होते आणि त्यांची बोटं त्याच कीबोर्डवर बसलेली. "अगं, हे सगळं परत शिकायला लावू नकोस मला," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडलं आणि बाजूला झाले. त्यांनी 'सिंहगडाच्या वाऱ्या' लिहायला घेतलं. 'वाऱ्या'पाशी थांबले. शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. पडद्यावर नीट 'ऱ्या' उमटला, 'र्या' झाला नाही. त्यांनी बोट उचललं, माझ्याकडे बघितलं आणि पुढची ओळ लिहायला लागले. इन्स्क्रिप्टची मांडणी विंडोजवर आणि लिनक्सवर एकच आहे, त्यामुळे त्यांना नवीन काही शिकावंच लागलं नाही. जुन्या नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या लिपीच्या प्रमाण पद्धतीत होत्या, त्या लिब्रेऑफिस या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जशाच्या तशा उघडल्या. फॉन्ट बदलल्यामुळे काही ओळी पुढच्या पानावर गेल्या, तेवढंच.

बाकी बाबांचं काम काय? मेल, यूट्यूब, बँकेचं पासबुक बघणं, वीजबिल, भाचीशी व्हिडिओ कॉल, व्हॉट्सअॅप वेब. हे सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि फायरफॉक्स किंवा क्रोमला खाली कोणती सिस्टिम आहे याने फारसा फरक पडत नाही. हयातीचा दाखला तर आता फोनवर चेहरा दाखवून देता येतो. पहिल्या दोन महिन्यांत बाबांचे मला तीन फोन आले. पेन ड्राइव्ह कुठे दिसतो, अपडेट करताना पासवर्ड का मागतो, आणि सेव्ह केलेली फाइल कुठे गेली. तिसरा प्रश्न ते विंडोजवरही विचारायचेच.

म्हणून वयस्कर माणसांना लिनक्स झेपणार नाही असं कोणी म्हणालं की मला राग येतो. झेपतं. उलट त्यांनाच सर्वांत जास्त झेपतं, कारण त्यांची कामं ठरलेली असतात आणि ती मन लावून करायची त्यांची सवय असते.

आता दुसरी बाजू, आणि ही माझ्या चुकीची आहे. नारायण पेठेत एक काकू घरातून लग्नपत्रिका आणि मुंजीच्या पत्रिका करून देतात. त्यांचं मशीन रडत होतं म्हणून मी हौसेने त्यांनाही लिनक्स घालून दिलं. त्यांचं सगळं काम कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि कोरल आज लिनक्ससाठी मिळत नाही. त्याच कामाचं लिनक्सवरचं इंकस्केप चांगलं आहे, मी स्वतः वापरते, पण खरी अडचण त्याहून खोल निघाली. काकूंची वीस वर्षांची कामं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. त्याचा कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर नसेल तर नवं टाइप करता येत नाही, आणि तो फॉन्टच नसेल तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. ऐन लग्नसराईत त्यांचे चार दिवस गेले आणि दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मी परत विंडोज घालून दिलं आणि माफी मागितली. काकू "असू दे गं" म्हणाल्या, पण ते चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

त्या दिवसापासून मी सिस्टिमबद्दल बोलायच्या आधी विचारते, तुम्ही दिवसभर काय करता? टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला मी लिनक्स सुचवत नाही. टॅली विंडोजसाठी आहे. वाइन नावाचं सॉफ्टवेअर वापरून विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात, पण ज्याला महिनाअखेरीला जीएसटी भरायचा आहे त्याच्या पोटापाण्यावर मी असला प्रयोग करणार नाही. डिजिटल सहीचा टोकन (पेन ड्राइव्हसारखं दिसणारं उपकरण) वापरणाऱ्यांनाही मी आधी थांबायला सांगते.

प्रिंटरबद्दल जरा जास्त लिहिते, कारण घराघरात घोडं तिथेच अडतं. आपल्याकडे जे स्वस्त जुने लेझर प्रिंटर आहेत, त्यांतले पुष्कळसे स्वतः फार काही करत नाहीत. पान तयार करायचं सगळं काम कॉम्प्युटर करतो, आणि ते कसं करायचं हे फक्त कंपनीच्या ड्रायव्हरला माहीत असतं. कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर धड दिला नाही तर प्रिंटर नुसता बसून राहतो. माझ्या धाकट्या दिराकडे असाच एक होता, त्यावर मी दोन रविवार घालवले. याउलट एचपीच्या बऱ्याच प्रिंटरसाठी एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर मिळतं आणि ते उत्तम चालतं. वायफायवरचे बहुतेक नवे प्रिंटर तर वेगळा ड्रायव्हर न घालताच सापडतात. तेव्हा सिस्टिम बदलायच्या आधी प्रिंटरच्या मागच्या चिठ्ठीवरचं मॉडेल वाचा आणि ते लिनक्सवर चालतं का बघा.

'लिनक्स फुकट आहे ना' असं म्हणणाऱ्यांशी मला वेगळंच बोलायचं असतं. मराठीत आपल्याकडे मुक्त आणि फुकट हे दोन शब्द आहेत, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुकट म्हणाल तर आपल्या गल्लीत विंडोजही फुकटच आहे. पाचशे रुपयांत घरी येऊन 'सगळं टाकून देतो' म्हणणारा मुलगा प्रत्येक पेठेत भेटेल. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सगळं क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून चालवलेलं. तो क्रॅक चालवायला अँटीव्हायरस बंद करायला लागतो, आणि तो बंद करून कोणी लिहिलेली कोणती फाइल आपण चालवली हे कोणालाच माहीत नसतं. मग त्याच मशीनवर आपल्या आया नेट बँकिंग करतात. मला याची काळजी वाटते. लिनक्सवर सॉफ्टवेअर घ्यायचं तर सिस्टिमच्या स्वतःच्या यादीतून घेता येतं, क्रॅक शोधायची वेळच येत नाही. चोरी न करता, भीती न बाळगता आपलं मशीन आपलं ठेवता येणं, हा मुक्त या शब्दाचा अर्थ मला सर्वांत जवळचा वाटतो. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल अशी सिस्टिम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. तेव्हापासून हजारो माणसांनी यात भर घातली आहे. ती मेहनत आपण फुकट म्हणून मोडीत काढू नये.

आणि या शहरात तर नाहीच नाही. महासंगणक बांधणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. लिनक्सवर काम करणाऱ्या रेड हॅट या कंपनीचं ऑफिस पुण्यात आहे, आणि त्या कंपनीने दिलेल्या लोहित फॉन्टमुळे लिनक्सवर कितीतरी वर्षं मराठी वाचता आलं. हिंजवडीत, खराडीत हजारो मुलंमुली दिवसभर लिनक्सच्या सर्व्हरवर काम करतात. तीच मुलं घरी आल्यावर आई-बाबांना सांगतात, "नवीन लॅपटॉप घेऊन टाका." हे मला लागतं. केरळात सरकारी शाळांतली मुलं मुक्त सॉफ्टवेअरवरच कॉम्प्युटर शिकतात. आपल्याकडची मुलं माझ्या लॅबमध्ये येईपर्यंत विंडोजशिवाय काही असतं हेच त्यांना माहीत नसतं. पहिला आठवडा बिचकतात, तिसऱ्या आठवड्यात हे विंडोज नाही हे त्यांच्या लक्षातही राहत नाही.

साध्या माणसाला लिनक्स चालतं का, याचं माझं उत्तर म्हणून असं आहे: काम ब्राउझरमधलं असेल, प्रिंटर साथ देत असेल आणि अडलं तर फोन उचलणारं एक माणूस असेल, तर बिनधास्त चालतं. या तिन्हींत तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. विंडोज बिघडलं तर कोपऱ्यावरचा दुकानदार असतो. लिनक्स बिघडलं तर ज्याने घालून दिलं तो असावा लागतो. म्हणून मी ज्यांना घालून देते त्यांना टाइमशिफ्ट हे सॉफ्टवेअर लावून देते, म्हणजे काही बिघडलं तर मशीन आदल्या दिवसाच्या स्थितीत नेता येतं, आणि माझा नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवून देते. आयटीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही एकेकाने एक घर घेतलंत तरी पुष्कळ आहे. आपल्याच आई-वडिलांचं घ्या.

येत्या रविवारी मी सोसायटीच्या ऑफिसातलं मशीन बघायला जाणार आहे. हिशेब टॅलीत असतील तर त्याला हात लावणार नाही. एका वहिनींकडे २०१५ चा लॅपटॉप पडून आहे, तो आमच्या वॉचमनदादांच्या नववीतल्या मुलीसाठी तयार करायचा आहे. त्याची बॅटरी गेली आहे, ती मिळते का बघते आहे. तुमच्याकडेही असं काही पडून असेल तर जरूर कळवा, पण आधी प्रिंटर कोणता आहे ते लिहा.